फोटो काढणाऱ्याची गाठ

विनूदादा रविवारी सकाळी गेला.

दोरावरून पडून नाही. दोर सोडल्यावर.

आज गुरुवार. चार दिवस झाले तरी "रविवारी कोण कोण येतंय?" हा त्याचा मेसेज ग्रुपवर येईल असंच वाटतंय. मी फोन हातातून खाली ठेवत नाहीये.

आधीच सांगते, कमेंटमध्ये कोणी "डोंगराने आपला माणूस बोलावून घेतला" वगैरे लिहू नका. मी डिलीट करीन. डोंगराने काहीही केलेलं नाही.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: विनूदादा ओझरला फॅक्टरीत फिटर होता. सोमवार ते शनिवार मशीन, रविवारी सुळके आणि कॅमेरा. नाशिकमध्ये माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्याने दोर धरायला शिकवलं. फुकट. वर डब्यातली मेथीची पोळी द्यायचा ती वेगळीच.

आणि भयंकर काळजीखोर. गाडीत मागे बसलेल्यांनी बेल्ट लावल्याशिवाय किल्ली फिरवायचा नाही. माझ्या घरी चहाला आला तर आधी गॅसचा रेग्युलेटर बघायचा. आम्ही त्याला जाम चिडवायचो.

चढायच्या आधी त्याचं एकच वाक्य असायचं. "गाठ दाखव."

आठ वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, माझी गाठ त्याने पाच वेळा सोडली.

"पुन्हा."

"दादा, तुझा माझ्यावर विश्वास नाहीये का?"

"तुझ्यावर आहे गं. गाठीवर नाहीये."

एवढी चिडले होते की परत येणारच नव्हते. पुढच्या रविवारी सगळ्यात आधी मीच पोचले.

नियम साधा होता. प्रत्येकाने दुसऱ्याची गाठ बघायची, ओढून बघायची, मग ओके म्हणायचं. माथ्यावर पोचलं की कमरेचा छोटा दोर खडकातल्या बोल्टला बांधायचा. त्याचीही गाठ दाखवायची. ती खाली उतरेपर्यंत सुटणार नाही. जागा कितीही सपाट असो, कितीही लघवीला लागो.

हे त्याचेच शब्द आहेत.

रविवारी आम्ही देवळ्याच्या पुढच्या एका सुळक्यावर होतो. नाव लिहीत नाही, उगाच रील करायला गर्दी होईल. दादा, मी, प्रसाद आणि मयुरी. हवा स्वच्छ, थंडी कडक, अख्खी डोंगररांग एका ओळीत दिसत होती. दादा खूश होता. "असा उजेड वर्षातून दोनदा मिळतो," म्हणाला.

आम्ही तिघं बोल्टला बांधून बसलो. त्याने तिघांच्याही गाठी ओढून बघितल्या. मग कॅमेरा काढला.

मी म्हणाले, "दादा, दरवेळी माझा अर्धा हातच येतो. आज मला पूर्ण घे."

"घेतो गं बाई. मागची रांग पण आली पाहिजे ना."

तो एक पाऊल मागे गेला. मग अजून एक.

मग तो तिथे नव्हता.

ओरडला वगैरे नाही. नुसता दिसेनासा झाला. प्रसाद अजून फोटोसाठी हसतच होता.

खाली कांद्याच्या वावरातली माणसं आमच्या आधी पोचली. त्यांनीच त्याला रस्त्यापर्यंत आणलं. एक बाबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, हाऊच माणूस आमना पोरेस्ले सांगे, काठवर जाऊ नका म्हनीसन."

म्हणजे त्यांच्या पोरांनाही तो काठावर जाऊ नका असं सांगायचा.

काल वहिनींचा मेसेज आला. दशक्रियेच्या पत्रिकेसाठी दादाचा एक चांगला फोटो हवाय.

शोधायला बसले. आठ वर्षांचे हजारो फोटो. सगळे त्यानेच काढलेले, म्हणजे तो एकातही नाही. शेवटी मयुरीच्या जुन्या सेल्फींत तीन सापडले. तीन वेगवेगळे माथे. मागे दादा, डोळ्याला कॅमेरा, आमचा फोटो घेतोय.

झूम केलं.

तिन्ही फोटोंत त्याच्या कमरेचा छोटा दोर मोकळा लोंबतोय.

म्हणजे रविवारी चुकून झालं नाही. दरवेळी तो सोडायचा. आम्ही सगळे फ्रेममध्ये यावेत म्हणून त्याला मागे जावं लागायचं, आणि छोटा दोर तेवढा पुरायचा नाही. लांब दोर शेजारीच पडलेला असायचा. तो बांधायला दोन मिनिटं लागली असती.

आणि आम्हाला दिसलं नाही असंही नाही. आम्ही दरवेळी त्याच्याकडेच बघत होतो. स्माइल देत होतो.

एक फोटो कमरेच्या वर कापून वहिनींना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला. "छान आहे गं. हसतायत."

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. मीच म्हणाले होते मला पूर्ण घे. दोर सुटलेला होता. तीन फोटोंतही सुटलेला आहे.

वहिनी कधी डोंगरावर आलेल्या नाहीत. पण त्या घरात गाठीचा नियम सगळ्यांना पाठ आहे. रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढंच विचारलं, "मग ह्यांची गाठ कोण बघायचं?"

वहिनी, कोणीच नाही. आठ वर्षांत एकदाही नाही. तो दादा होता ना, त्याला काय विचारायचं, असं वाटायचं.

या रविवारी जे कोणी वर असाल, फोटोला उभे राहण्याआधी समोर कॅमेरा धरलेल्या माणसाला म्हणा, गाठ दाखव. तो हसेल. हसू दे. ओढून बघा.

विनूदादा, तुझी गाठ बघायची राहून गेली रे.

माफ कर. नीट जा.