शर्यतीचं हेल्मेट घेऊन पनवेलला

पनवेलला फिरायला म्हणून कुणी जात नाही. लोक पनवेलवरून पुढे जातात, अलिबागला नाहीतर गोव्याला. मी मात्र मुद्दाम पनवेललाच गेले होते, साठच्या दशकात, एकटी, मोटरसायकलच्या शर्यतीचं हेल्मेट घेऊन. तुमच्यापैकी कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर रस्त्याची आणि जेवणाखाणाची माहिती देतेच, पण ती साठेक वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर विसंबून घरातून निघू नका.

आधी हेल्मेटचं सांगते. माझे यजमान श्रीधर हवाई दलात होते, सैनिकांना पॅराशूटच्या उड्या शिकवायचे. (ते असताना मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. आता ब्लॉगवर बिनदिक्कत लिहिते.) आम्ही आग्र्याला राहायचो. उडी मारून घरी आले की हातपाय धुऊन जेवायला बसायचे. वर काय दिसतं, कसं वाटतं, असं विचारलं की म्हणायचे, "वारा असतो." लग्नाला तीन वर्षं झाली तरी गाडी त्या वाऱ्यापुढे सरकली नव्हती. माणूस वाईट नव्हता. भाजी अळणी झाली तरी बोलायचे नाहीत, हाच तर त्रास होता. शेजारपाजार सगळा हिंदी आणि पंजाबी, माझं हिंदी बेताचं. दिवसभरात मी जेवढं मराठी बोलायचे, त्यातलं निम्मं स्वतःशीच असायचं.

माझ्याकडे आठ मिलिमीटरचा, चावी देऊन चालणारा सिनेकॅमेरा होता. लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवायचे, तेव्हा पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेला. एक दिवस म्हटलं, हा वर घेऊन जा. ते हसले आणि म्हणाले की उडी मारताना हात मोकळे लागतात, डोक्यावर बसवून दिलास तर नेतो. विषय मिटवायला म्हणाले होते, पण मी महिनाभर पिच्छा सोडला नाही. शेवटी त्यांनी साहेबांना विचारलं आणि परवानगी मिळाली, एकाच उडीची. मला ती काही सेकंदं भिंतीवर बघायची होती, त्यांच्या शेजारी बसून. मग तरी ते बोट दाखवून दोन शब्द बोलतील, असं वाटत होतं. माहेरी जायचं निमित्त काढून मी पुण्याला आले.

हेल्मेट जुन्या बाजारात मिळालं. आत बुचाचं अस्तर, कानांवर चामड्याच्या पट्ट्या. पण कॅमेरा बसवून घ्यायला गेले तेव्हा लोहार म्हणाला, भोक पाडलं तर कवच तडकेल. माझ्या वडिलांची लाकडाची वखार होती. ते म्हणाले, पनवेलला बैलगाडीची चाकं करणारे मिस्त्री आहेत, लोखंडाची धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी, लाकडावर खिळ्याशिवाय कशी घट्ट बसते ते त्यांना विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. थंडीचे दिवस होते. आज द्रुतगती मार्गाने दोन तासांत पोचाल, तेव्हा अख्खी सकाळ मोडायची. खंडाळ्याचा घाट उतरताना बाया डोळे मिटून बसायच्या आणि खोपोलीला गाडी थांबली की सगळे एकदम बोलायला लागायचे. कंडक्टर म्हणाला, या डब्याचं सामानाचं भाडं पडेल, डोक्यावर घातलात तर नाही. मी घातलं. चौक गाव येईपर्यंत कुणी माझ्याशेजारी बसलं नाही.

आज जिथे नवीन पनवेलचे सेक्टर आणि सुकापूरच्या इमारती आहेत, तिथे कापणी झालेली भातखाचरं होती. ओळखीच्या एका शिक्षिकेने वडाळे तळ्याजवळ खोली बघून दिली होती. घरमालकीणबाईंनी दोनदा विचारलं, बरोबर कोण आहे. तिसऱ्यांदा विचारलं नाही, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. पनवेलला गेलात तर बिरडं चुकवू नका. ते मात्र अजून तसंच मिळतं.

काशीनाथ मिस्त्रींची शेड बाजाराच्या टोकाला होती. दारात चाकं भिंतीला टेकवून रांगेने उभी. मिस्त्री साठीचे, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. मी त्यांच्यापुढे कागद पसरला. चित्रात कॅमेरा उजव्या कानशिलावर होता, डोळ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका, म्हणजे यांना जे दिसेल तेच त्याला दिसेल. मिस्त्रींनी कॅमेरा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, भार एका अंगाला जातोय. मी त्यांना दृष्टिरेषा समजावून सांगितली, फळ्यावर सांगावी तशी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ताई, चित्र तुमचं आहे, मी करून देतो," ते म्हणाले. "पण चाक गाडीला लावायच्या आधी आम्ही ते रिकामं फिरवून बघतो. तुम्ही पण याला कॅमेऱ्याएवढा दगड बांधा आणि एक दिवस स्वतः घालून फिरा. मग त्यांच्या डोक्यावर द्या."

संध्याकाळपर्यंत हेल्मेटभोवती लोखंडी पट्टी बसली. स्क्रूने आवळलेली, एकही भोक नाही, आणि उजव्या बाजूला कॅमेऱ्यासाठी सागाचं घरटं. त्यात दगड बांधला. शेडमध्ये हिराबाई नावाची कोळीण बसली होती. उरणजवळच्या करंज्याहून सुकी मासळी घेऊन बाजाराला यायची आणि रिकाम्या पाट्या मिस्त्रींकडे ठेवायची. मला हे डोक्यावर घेऊन दिवसभर हिंडायचंय हे कळल्यावर ती पोट धरून हसली. मग म्हणाली, पनवेलात पोरं मागं लागतील, उद्या आमच्या बंदरावर चल.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने उरणला आणि तिथून चालत करंज्याला गेलो. दोन्ही बाजूंना मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग, अंगावर खारा वारा. चालताना मी हिराबाईला विचारलं, तुझा नवरा समुद्रावरून आला की काय सांगतो. ती म्हणाली, सांगतो म्हणजे काय, दर्याशिवाय दुसरं बोलतच नाही, कान किटतात. मला तिचा हेवा वाटला.

बंदरावर होड्या लागल्या होत्या, लिलाव चालू होता, बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. नऊवारीतल्या त्या बायांत मी गोल साडी नेसून, डोक्यावर हेल्मेट आणि उजव्या कानाशी दगड. लिलाव क्षणभर थांबला. मग एकीने मला बाजूला सरकायला सांगितलं आणि तो पुन्हा सुरू झाला. तासभर मी धक्क्याच्या पायऱ्या चढले-उतरले. मान अवघडली होती, पण मी स्वतःला समजावत होते की सवय होईल.

मासळीच्या पाण्याने पायरी निसरडी झाली होती. माझा पाय सरकला. अंग सावरलं, डोकं नाही. दगड उजवीकडे ओढला गेला, हनुवटीखालचा पट्टा गळ्यात रुतला आणि मानेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. हिराबाईने दंड धरला म्हणून मी पाण्यात गेले नाही. तिने आधी पट्टा सोडला, मला बसवलं, पाणी दिलं आणि मग बोलली.

"बाय, आमी पाटी डोईवर ठेवतो, बांधीत नाय. पाय सरला का पाटी टाकून द्यायची. म्हावरा दुसरे दिवशी गावतो, मान गावत नाय."

तिने कापडाची चुंबळ करून माझ्या टाळूवर ठेवली, तिच्यावर अर्धी भरलेली पाटी दिली आणि चालायला लावलं. भार होता, पण मानेला ओढ नव्हती. माझ्या मागून चालता चालता ती म्हणाली, "तुजा नवरा वरशी येताना अडकला, तर त्यानं काय टाकायचा?"

पॅराशूट उघडताना दोऱ्या पाठीवरून झपकन वर जातात, हे मी मैदानाच्या कडेला उभी राहून कितीदा पाहिलं होतं. एखादी त्या घरट्यात गुंतली तर मान जाईल, पॅराशूटही जाईल. कॅमेऱ्याला काय दिसेल याचा मी महिनाभर विचार केला होता. त्यांच्या मानेचा एकदाही नाही. तिच्या घरी जवळ्याची चटणी आणि भाकरी पुढे आली. लाज वाटत होती, आणि ती सांगायला जवळ कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी माझी मान एका बाजूला कललेली पाहिली आणि काही न विचारता बाजूचं घरटं काढून टाकलं. नवं बरोबर टाळूवर बसवलं. कॅमेरा आता चामड्याच्या एका पट्ट्याने बसायचा. पट्ट्याचं टोक एका लाकडी खुंटीने अडकवलेलं, आणि खुंटीची दोरी कानाशी लोंबती. दोरी ओढली की खुंटी निघणार, पट्टा सुटणार, कॅमेरा पडणार. खाली भुशाचा ढीग करून आम्ही दगड वीस वेळा पाडला. वीसही वेळा सुटला. दुपारच्या एसटीने मी पुण्याला परतले आणि आठवड्याने आग्र्याला.

उडीच्या सकाळी मी यांना खुंटी दाखवली. त्यांनी दोनदा ओढून बघितली, मान डोलावली, इतकंच. मी मैदानाच्या कडेला उभी राहिले. विमानातून ठिपका सुटला, बराच वेळ ठिपकाच राहिला, मग छत्री उघडली. ते चालत आले तेव्हा हेल्मेट डोक्यावर होतं आणि टाळूवरचं घरटं रिकामं होतं.

"छत्रीची दोरी अडकली," ते म्हणाले. "खुंटी ओढली."

मी मनोमन देवाचे आणि हिराबाईचे आभार मानले. मोहरीच्या शेतांतून आम्ही चार दिवस कॅमेरा शोधला. मिळाला नाही. दुसरी परवानगी साहेबांनी दिली नाही आणि यांनी मागितलीही नाही.

कॅमेरा शोधणं सोडलं त्या दिवशी हेल्मेट पुसायला घेतलं. मिस्त्रींनी घासूनपुसून गुळगुळीत केलेला साग. त्या वेगाने दोरी आवळली गेली असती तर लाकडावर नाहीतर चामड्यावर काचल्याची खूण पडली असती. मी उजेडात नेऊन पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. दोरी नुसती कॅमेऱ्याला अडकली असेल, हेही शक्य आहे. विज्ञान शिकवलेल्या बाईला एवढं कळतं. मी विचारलं नाही.

पुढे चाळीसहून जास्त वर्षं आमचा संसार झाला, बरा झाला. निवृत्तीनंतर ते बोलायलाही लागले, आईविषयी, गुडघ्याविषयी, पेन्शनविषयी. आकाशाविषयी कधीच नाही. मीही विचारायचं सोडून दिलं होतं. मध्यंतरी पुतणीकडे नवीन पनवेलला गेले होते, तेव्हा मिस्त्रींची शेड शोधली. तिथे आता मोबाईलची दुकानं आहेत. करंज्याला जरूर जा, सकाळी लवकर, लिलावाच्या वेळी, आणि पायऱ्या जपून उतरा. हिराबाईचं तिथे कुणाला सांगता आलं नाही. तिचं आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं.

दोरी खरंच अडकली असेल, तर त्या तीन दिवसांच्या प्रवासाने माझा नवरा वाचवला. नसेल अडकली, तर ती वरची जागा एकट्यापुरती ठेवायची सोय मीच पनवेलहून करून आणली आणि माझ्या हातांनी त्यांच्या डोक्यावर बसवली. बहुतेक दिवस मी पहिलं खरं मानते. काल नाही मानता आलं, म्हणून हे लिहायला बसले.