ढेपेवरचा आळ

तिसरी गाय पडली तेव्हा मी पहिलीचं पोट उघडत होते. कारण कळल्याशिवाय औषध देता येत नाही, म्हणून आधी मेलेलं जनावर उघडावं लागतं. देवरी तालुक्यात, हायवेपासून थोडं आत असलेलं हे गाव. मी तिथली पशुधन विकास अधिकारी, म्हणजे गुरांची सरकारी डॉक्टर. तुळशीराम पटले यांच्या गोठ्यातल्या गाई सकाळी थरथरायला लागल्या, पोटं फुगली, तोंडाला फेस आला. मी पोहोचेपर्यंत दोन मेल्या होत्या.

पोटाचा मोठा कप्पा उघडताच अमोनियाचा वास आला. सार्वजनिक मुतारीत येतो तसा, डोळ्यांत पाणी आणणारा. लिटमस पेपर लावला, तो निळा झाला. मी अटेंडंटला म्हणाले, "युरिया."

गाईच्या पोटात युरियाचा अमोनिया होतो. जास्त झाला की तो रक्तात जातो आणि जनावर आकडी येऊन मरतं. उपाय साधा आहे. व्हिनेगर थंड पाण्यात मिसळून नळीने पोटात सोडायचं. माझ्याकडचं पुरणार नव्हतं, म्हणून चौकातल्या चायनीजच्या गाडीवरून बाटल्या आणवल्या. तिसरी गाय आणि तिच्याबरोबरची कालवड त्यावर वाचली.

पण "युरिया" हा शब्द अंगणातल्या गर्दीने ऐकला होता. त्या सकाळी तुळशीरामने गाईंना ढेप चारली होती. ढेप म्हणजे तेल काढल्यावर उरलेला चोथा. ती त्याने गावातल्या रफिकभाईच्या दुकानातून आणलेली. मेलेल्या गाईंचा व्हिडिओ कोणीतरी काढलाच होता. त्यावर दोन ओळी लिहिल्या गेल्या, त्यात 'आपल्या गाई' होतं, 'त्यांचं विष' होतं. मी हात धुतले तोवर तोच व्हिडिओ गोंदियाच्या एका सहकाऱ्याकडून माझ्याच फोनवर परत आला.

दुपारच्या आत बाहेरगावचा एक पुढारी चार मोटारसायकली घेऊन आला. ढेपेतून विषबाधा झाली, एवढी एक ओळ त्याला माझ्या सहीने हवी होती.

"ढेप तपासलेली नाही," मी म्हणाले. "नमुना लॅबला जाईल. आठवडा लागेल."

"आठवडाभर लोक थांबत नसतात, मॅडम. संध्याकाळी आम्ही दुकानावर जाऊन राहिलो."

मी खात्यातल्या वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, संशयित विषबाधा लिहा आणि तिथून निघा. कशातून ते लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, ते तुम्ही बघा.

मला खरी भीती वेगळीच होती. प्रोटीन जास्त दिसावं म्हणून पशुखाद्यात युरियाची भेसळ कधीकधी होते. ढेपेत तो नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हते. गुरं पितात त्या गोठ्याजवळच्या टाकीत काही पडलं का, हेही मी तुळशीरामला आणि त्याच्या बायकोला विचारलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं आणि तुळशीराम कालवडीकडे वळला होता. टाकीच्या पाण्याची बाटली भरून घेतली, पण तिचाही रिपोर्ट आठवड्यानेच येणार होता.

रफिकभाईचं शटर अर्धं खाली होतं. नमुना घ्यायला वाकून आत गेले. त्यांनी एकच विचारलं, "तीसरी वाली बची क्या?" बायको शमीम पोत्यांमागे बसली होती. चौकात एक पोलीस शिपाई उभा होता. देवरीहून कुमक निघाली आहे, असं तो म्हणत होता.

मी बाहेर आले तर ललिताबाई उईके उभ्या. गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. गोंड, पोवार, बौद्ध, सगळ्या मोहल्ल्यांतल्या बाया त्या गटात होत्या. शमीमही होती.

"बाई, तुळशीरामनं नेली त्याच गाडीतली ढेप आमी बी चारलो सकाळी," त्या म्हणाल्या. "आमच्या गाई उभ्या हायेत. आता पुन्हा चारलो त किती वेळात कळते?"

"तासाभरात. पण मी ग्यारंटी देऊ शकत नाही."

"ग्यारंटी कोण मागून राहिला तुमाले?"

त्या घरोघर फिरल्या. सगळ्याच बाया आल्या नाहीत. काहींना नवऱ्यांनी अडवलं. पण उन्हं कलायच्या आत दुकानासमोर प्रत्येक मोहल्ल्यातली एकतरी गाय बांधलेली होती. तुळशीरामच्या पोत्याबरोबर आलेली पोती सर्वांसमोर फोडली. आधी थोडी द्या, असं मी बजावलं आणि व्हिनेगरच्या बादल्या भरून शेजारी उभी राहिले. बाया शटरला पाठ लावून पायऱ्यांवर बसल्या.

मग पुढाऱ्याची माणसं आली आणि समोर उभी राहिली. त्यांच्यातल्या एकाने ललिताबाईंना शिवी दिली. कोणी उठलं नाही. मी फक्त गाईंच्या कुशी बघत होते. एका तांबड्या गाईचा कान थरथरला तेव्हा मी नळी उचलली. कानावर माशी होती. गाईने मान झटकली आणि पुन्हा घमेल्यात तोंड घातलं.

तास उलटत आला, गाई उभ्याच होत्या, तेव्हा तुळशीराम बायकोला घेऊन आला. गर्दीने त्याला वाट दिली. तो पुढाऱ्याकडे गेला नाही, पायऱ्यांपाशी येऊन थांबला.

"युरियाच्या चुंगड्या मीच धुतलो, टाकीत," तो म्हणाला. "सकाळी गुरं तेच पाणी पेली. ढेपीचं काही नाही जी."

धानाच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, युरिया टाकून झाला की रिकामी पोती धुऊन ठेवतात. त्याची बायको रडत होती. ललिताबाई सरकल्या आणि तिला पायरीवर जागा करून दिली. मोटारसायकली कुमक यायच्या आधीच निघून गेल्या.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. ढेपेत युरिया नव्हता, टाकीच्या पाण्यात भरपूर होता. ग्रामपंचायतीत मी तो वाचून दाखवला. तोवर गावात कोणाला त्याची गरज उरली नव्हती. व्हिडिओ मात्र अजून फिरतो आहे, आणि लांबच्या गावांची गिऱ्हाइकं रफिकभाईकडे पूर्वीसारखी येत नाहीत. असा काही मेसेज आला की हल्ली गटातल्या बाया आधी स्वतः जाऊन बघून येतात.

लॅबचा रिपोर्ट आठवड्याने येतो आणि जमाव त्याच दिवशी येतो. मधला वेळ काढायला आमच्या खात्यात कोणी नेमलेलं नाही. तो शेजाऱ्यांनाच काढावा लागतो.