वूलशेडमागचं वर्तुळ

माझ्या सासऱ्यांनी पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर ते इतरांच्या नकाशांना नावं ठेवायला मोकळे झाले. ख्राइस्टचर्चला आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा पहिला आठवडा त्यांनी गाडीतल्या जीपीएसच्या चुका काढण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात ते 'किआ ओरा' हा माओरी नमस्कार म्हणायला शिकले आणि भेटेल त्याला म्हणू लागले. रिकार्टनच्या दुकानातल्या सरदारजीलाही म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात त्यांची नजर माझ्या कामाकडे वळली.

सासूबाई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटेच राहत होते. आता त्यांनी कायमचं इथे यावं असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं आणि माझंही. रेसिडन्सचा अर्ज भरून तयार होता, फक्त सही राहिली होती. सहीसाठी पेन हातात द्यावं, तर बाबा त्याच पेनानं शब्दकोडं सोडवायला घेत.

भूकंपाला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. शहरात जिकडेतिकडे क्रेन उभ्या होत्या, पण माझं काम शहराबाहेरच्या दऱ्यांमधलं, जिथे मेंढ्याच फार. खेड्यापाड्यांत वायरलेस इंटरनेट देणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी इंजिनिअर होते. टॉवर कुठे आहे, किती उंच आहे, अँटेनाचं तोंड कुठे आहे, हे सगळं सॉफ्टवेअरला सांगायचं. मग ते मधल्या डोंगरांचा विचार करून कुठे किती सिग्नल पोचेल ते काढतं आणि सारख्या ताकदीच्या जागा जोडून नकाशावर रेषा आखतं. सगळ्यात बाहेरच्या रेषेच्या आत तुमचं घर असेल तर कनेक्शन मिळणार, बाहेर असेल तर राम राम.

एका दरीत आमचा टॉवर उभा राहिला होता आणि आठवड्याभरात सुरू होणार होता. गावच्या हॉलमध्ये लोकांना बोलावून नकाशा दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या मॅनेजरला सॉफ्टवेअरच्या मूळ रेषा आवडत नसत. उंदरांनी कुरतडल्यासारख्या दिसतात, म्हणायचा. म्हणून मी रेषा गुळगुळीत करायचं सेटिंग शेवटपर्यंत ओढलं आणि इकडेतिकडे सांडलेली बारीक वर्तुळं लपवायच्या चौकटीत टिक केली. नकाशा इतका देखणा झाला की मी त्याचा फोटो आईला पाठवला.

हॉलमध्ये एक आजीबाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या. चिखलाचे गमबूट दाराशी काढून नुसत्या मोज्यांवर नकाशापाशी उभ्या राहिल्या. मेंढ्यांच्या फार्मवर एकट्या राहत होत्या. हिवाळ्याच्या आधी पडल्या होत्या आणि शेजारी येईपर्यंत तशाच अंगणात पडून होत्या. तेव्हापासून त्यांच्या मुलानं अट घातली होती: मदत बोलावणारं बटण गळ्यात घालायचं, नाहीतर फार्म सोडून गावात, म्हाताऱ्यांसाठीच्या लहानशा युनिटमध्ये राहायला यायचं. ते बटण आमच्या कनेक्शनवर चालणार होतं. आजींनी नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवलं आणि विचारलं, मी आत आहे ना? घर रेषेच्या चांगलं आत होतं. मी इथल्या लोकांसारखं ऐटीत 'स्वीट अ‍ॅज' म्हणाले, म्हणजे अगदी उत्तम, काळजीच नको. त्यांनी तिथूनच, हॉलच्या फोनवरून, मुलाला कळवून टाकलं.

नकाशाची एक जादा प्रत मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरली, बाबांना दिसेल अशी. कौतुक व्हावं एवढाच हेतू होता. बाबांनी चष्मा पुसला, पाच मिनिटं वाकून पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले. ही हाक ते फक्त चूक सापडली की मारतात. "ही रेषा या डोंगराच्या सोंडेवरून जाते आणि जरासुद्धा वाकत नाही. तिला डोंगर दिसला नाही?"

मी म्हणाले की बाबा, या उंचीच्या रेषा नाहीत, सिग्नलच्या आहेत. त्यावर ते म्हणाले की मग सिग्नलला तरी दिसायला हवा होता. मी चिडले. तुम्हाला यातलं कळत नाही असं नुसतं सुचवलं नाही, स्पष्ट बोलले आणि पोळ्या करायला गेले. तिसऱ्या पोळीला मला शेवटपर्यंत ओढलेलं ते सेटिंग आठवलं. पिठाच्या हातांनीच लॅपटॉप उघडला आणि गुळगुळीत करायचं सेटिंग बंद केलं, वर्तुळं लपवायची टिकही काढली. रेषा सोंडेपाशी आली, मुकाट्यानं आत वळली आणि आजींचं घर बाहेर राहिलं. टॉवर आणि घर यांच्यामध्ये ती सोंड आडवी होती. माझ्या रेषेनं ती खाऊन टाकली होती.

बाबा मागे येऊन उभे होते. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. घराच्या वर, मेंढ्यांची लोकर कातरायच्या वूलशेडमागे, टेकाडावर एक चिमुकलं वर्तुळ उमटलं होतं, म्हणजे तेवढ्या जागेपुरता सिग्नल पोचत होता. हे टेबलावरच्या नकाशात का नाही, त्यांनी विचारलं. कचरा म्हणून काढून टाकलं, मी सांगितलं.

"आम्ही झोपडीएवढा उंचवटा असला तरी वर्तुळ काढायचो," ते म्हणाले. "पूर आला की माणूस तिथेच जाऊन उभा राहतो."

मग त्यांनी विचारलं की ही जागा तू पाहिली आहेस का. मी पाहिली नव्हती.

टॉवर सुरू झाल्यावरच्या शनिवारी आम्ही दोघं गेलो. बाबा माकडटोपी घालून. दारातच त्यांनी 'किआ ओरा' म्हटलं आणि आजी खूश झाल्या. मी मात्र चहा घेण्याआधी सांगून टाकलं की मी चुकले, तुमचं घर बाहेर आहे. हे वाक्य मी गाडीत दहा वेळा घोकलं होतं. नकाशा फारच सुरेख होता, आजी म्हणाल्या. या दरीत इतकं सरळ काहीच नाही, याचं त्यांना तेव्हाच आश्चर्य वाटलं होतं.

मग टेकाडावर चढलो. काठीला अँटेना बांधून बाबांनी ती उभी धरली आणि मी सिग्नल मोजायचं मीटर घेऊन खाली बसले. खात्यात असताना बाबा उंची मोजायच्या लेव्हलच्या दुर्बिणीमागे उभे राहत आणि शिपाई पट्टी धरून त्यांच्या हाताच्या खुणांवर डावीउजवीकडे सरकत. आज खुणा मी करत होते. डावीकडे. अजून डावीकडे. थोडं मागे. वारा असा की टोपी दोनदा उडाली, आणि दोन्ही वेळा ती आजींनीच पळत जाऊन आणली, त्यामुळे त्या पडतील म्हणून माझा जीव जायची वेळ आली. एका जागी आकडा वर गेला आणि तिथेच थांबला. वर्तुळ खरं होतं. बाबांनी काठीच्या टोकानं मातीत फुली मारली.

मॅनेजरला मी सगळं सांगितलं, नकाशा बदलून लोकांना परत पाठवला. त्या फुलीवर खांब उभा राहिला, त्याच्यावरून सिग्नल घराकडे वळवला. तीन आठवड्यांनी आजींनी आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं आणि आमच्यासमोर गळ्यातलं बटण दाबलं. भिंतीवरच्या डब्यातून एका बाईनं विचारलं की सगळं ठीक आहे ना. आजींनी तिला ठणकावून सांगितलं की पाहुणे आलेत, किटली ठेवली आहे, नंतर बोलू.

परतताना बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.

"तिचा मुलगा बटणावर तयार झाला," ते म्हणाले. "माझ्या मुलाला तू सांगशील?"

मला एकदम कळलं की त्या टेकाडावर ते एवढा वेळ वाऱ्यात का उभे राहिले. त्यांनाही आजींसारखं आपल्याच घरी, पुण्यात राहायचं होतं. मला ते जायला नको होते. घरात माझ्या चुका काढणारं दुसरं कुणी नव्हतं. तरी मी सांगते म्हणाले आणि त्याच संध्याकाळी सांगितलं. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तो अर्ज फाइलीत घातला आणि पुण्याला चालेल असं बटण शोधायला बसला.

बाबा परत गेल्यावर ते बटण त्यांच्या घरी बसवलं. दाबलं की शेजारच्यांना आणि आम्हाला फोन यायचा. पंधराच दिवसांत, मी ऑफिसमध्ये असताना, तो आला. मी फोन उचलेपर्यंत माझ्या मनात नको ते सगळं येऊन गेलं.

"किआ ओरा," बाबा म्हणाले. "मी आत आहे की बाहेर, ते बघत होतो."

मी त्यांच्यावर ओरडले. आत आहात, म्हणाले, आणि फोन ठेवून टेबलावर डोकं टेकून रडले.