पूर्वेकडच्या दोन रांगा

त्याला सगळे ओळंबा म्हणत, आणि ते नाव त्याने कमावलेले होते. आसपासच्या कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड गेली अठरा वर्षे दीड किलोमीटर खोल, खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात कोंडला जात होता. तो जागच्या जागी आहे ना, हे दर दोन वर्षांनी जमिनीला कान लावून पाहावे लागे. हे कान म्हणजे जिओफोन, खाली खिळा असलेली मुठीएवढी यंत्रे. अवजड ट्रक जमिनीत थरथराट सोडी, तो खालच्या थरांवरून परते आणि यंत्रे तो टिपून घेत. असे बाराशे जिओफोन दर वेळी रांगांनी त्याच जागी, तितकेच सरळ, होकायंत्राने नेमके उत्तरेकडे तोंड करून रोवायचे, हे ओळंब्याचे काम. खालचे चित्र मात्र त्याने कधी पाहिले नव्हते.

यंदा चित्रांच्या खोलीतून बोलावणे आले. चित्रे जुळवणाऱ्या मॅडम वयाने त्याच्या मुलीएवढ्या. पडद्यावर पूर्वेच्या कडेला एक करडा डाग होता.

"काका, वायूवर झाकणासारखा खडक आहे ना, हा डाग त्याच्याही वर आहे. वायू निसटला असेल तर उद्यापासून इथे टाळं."

"आणि नसेल निसटला तर?"

"मग त्या कडेच्या शेवटच्या दोन रांगा..." मॅडम अडखळल्या. "तुमचा हात चुकला असं म्हणायला जीभ रेटत नाही हो."

त्या कडेपलीकडेच त्याची मुलगी नांदत होती. तिच्या अंगणात विहीर होती. आपलेच चुकलेले असावे, अशी इच्छा ओळंब्याला आयुष्यात प्रथमच झाली.

घरी येऊन त्याने त्या दोन रांगा रोवल्याचा दिवस पहिल्यापासून आठवायला घेतला. जागा बरोबर होत्या, खिळे सरळ होते.

"त्याच दिवशी तुमच्या जुन्या बुटाने आ वासला होता," बायको म्हणाली. "कंपनीचे नवे मीच काढून दिले. पेटीत ठेवून काय लोणचं घालायचं होतं त्यांचं?"

त्याने बूट उचलला. टोकाशी, चामड्याच्या आत, पोलादाची टोपी होती. होकायंत्र जवळ नेले, तर काटा उत्तरेला सोडून बुटाच्या पाया पडला. अठरा वर्षे तो होकायंत्र दोन पावलांच्या मध्ये धरूनच उकिडवा बसत आला होता.

"अहो, मग दोन्ही रांगांतली ऐंशी यंत्रं वाकड्या तोंडाने उभी केलीत की!" बायको म्हणाली. "आता लेकीच्या विहिरीची काळजी नको ना?"

"ते पुन्हा रोवल्यावर कळेल. डाग तसाच राहिला तर बुटाचा काही दोष नाही."

सकाळी त्याने मॅडमना सगळे सांगितले आणि बूट ट्रकमध्ये ठेवून, नुसत्या मोज्यांवर, दोन्ही रांगा नव्याने रोवल्या. हाताखालची पोरे हसली. तो हसला नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी पहिल्या वर्षाचे चित्र यंदाच्या, नव्याने टिपलेल्या चित्रातून वजा केले. जे बदलले नाही ते पुसले जाते, बदललेले तेवढे उरते, असे त्या सांगत होत्या. पूर्वेची कडा कोरी झाली. खाली मात्र, झाकणाच्या खडकाला आतून बिलगून, पाकळीसारखा पातळ आणि गावाएवढा रुंद असा तो वायू पसरला होता. कोणाच्याही डोळ्यांना कधीच न दिसणारा.

ओळंबा नकळत उठून उभा राहिला. म्हणाला, "यात माझ्या रांगा कुठे आहेत?"

"त्या दिसत नाहीत, काका. तेव्हा जशा होत्या तशाच आताही आहेत ना! वजाबाकीत उडून गेल्या. एखादी दिसली असती तर पुन्हा तुम्हाला बोलवावं लागलं असतं."

बाराशे यंत्रे, हजारो बैठका, गुडघ्यांची ती सारी कुरकुर. तिचा कणही त्या पांढऱ्यावर नव्हता, आणि नव्हता म्हणूनच ती पाकळी दिसत होती. त्याने पडद्याला बोट लावले नाही. खुर्ची पुढे ओढून घेतली आणि विचारले, "मॅडम, अजून थोडा वेळ राहू देता का हे?"