दोन प्रकाश पाटील आणि एक दाखला

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा बायकोने बजावलं, "दाखला घेऊनच या. हात हलवत आलात तर लेकीला तुम्हीच सांगा." लेक जर्मनीत, दिवस भरत आलेले. बायकोचा पासपोर्ट आला होता, माझा अडला होता. घर बदलताना माझा शाळा सोडल्याचा दाखला कुठे गेला देव जाणे, आधारवर नुसतं जन्मवर्ष आहे आणि जन्मतारखेचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. म्हणून पंचेचाळीस वर्षांनी पनवेलच्या माझ्या हायस्कूलची वाट धरली.

पनवेलच्या अलीकडे न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरांनी तासभर रखडवलं. उतरल्यावर स्टँडजवळच्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि जवळा (अगदी बारीक कोळंबी) खाल्ला. शाळेनंतर साताऱ्यात जन्म काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटामुळेही आलं असेल.

शाळा ओळखू येईना. आता संगणक कक्ष आहे, कॅमेरे आहेत, घंटा बटणावर वाजते. आमच्या वेळी चिंचेला रुळाचा तुकडा टांगलेला असायचा आणि शिपाई हातोड्याने टोले द्यायचा. चिंच मात्र अजून आहे.

कार्यालयातल्या मॅडमनी जुनं रजिस्टर काढलं आणि कपाळाला हात लावला. त्यात दोन प्रकाश हरी पाटील होते. गाव एक, वर्ष एक, जन्मतारीखही एकच, एक जून. आमच्याकडे पोराला शाळेत घालताना गुरुजी तारीख विचारायचे, आई म्हणायची, "भात लावायच्या येळंला झाला," आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. आणि आमच्या गावात दगड भिरकावला तर तो पाटलालाच लागतो.

"काका, यातले तुम्ही कोणते?"

फरक फक्त वर्तणुकीच्या रकान्यात होता. एकाची 'उत्तम', दुसऱ्याची 'बरी'. खोटं कशाला बोलू, माझं बोट 'उत्तम'वर गेलं.

"याचा दुय्यम दाखला दोन वर्षांपूर्वीच दिलाय. सही आहे इथे."

"मग मी दुसरा."

"आत्ता तर पहिले होतात." मॅडमनी रजिस्टर मिटलं. "ओळख पटवणारं कुणी आणा. त्याशिवाय दाखला मिळणार नाही."

इतक्या वर्षांनी मला इथे ओळखणार कोण? तेवढ्यात दाराजवळच्या बाकावरून आवाज आला. धर्मामामा, आमच्या वेळचे शिपाई. पंचाहत्तरी उलटली, निवृत्त होऊनही जमाना झाला, तरी रोज शाळेत येऊन बसतात.

"दोनी परकास माज्या हाताखालून गेलंत. ह्यानं येकच सांगावं. सहामाहीला घंटेचा हातोडा कुनी लपवला?"

सगळं कार्यालय माझ्याकडे बघायला लागलं. शिक्षकांच्या खोलीतूनही दोन माना बाहेर आल्या.

"मी," मी म्हणालो.

"कुटं?"

"तुमच्याच डब्याच्या पिशवीत, मामा."

"दोन दिस चोरीचा आळ माज्यावर व्हता. नोकरी जाता जाता वाचली."

हे मला ठाऊकच नव्हतं. आम्ही आपले, पेपर उशिरा सुरू झाला म्हणून खिदळत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाकून त्यांच्या पाया पडलो.

"मॅडम, लिवा," मामा म्हणाले. "बरी वर्तनूक ती हीच हाय. त्यो दुसरा आसता तर तवाच सरांना कबूल करून मोकळा झाला आसता." त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता चा पाज."

आम्ही दोनदा चहा घेतला. दाखला घेऊन शेवटची गाडी पकडून साताऱ्याला परतलो. परगावी जाऊन माणूस नवं काहीतरी बघून येतो म्हणतात. मी बघून आलो ते माझंच जुनं, आणि ते काही फारसं देखणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखला दाखवला. तिने 'बरी' वाचलं आणि दाखला पुन्हा जवळ धरायला सांगितला. आठवीत तिने वर्गातला फळा तेलाने पुसला म्हणून मी तिच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो, आणि माझ्या शाळेत माझी एकही तक्रार नव्हती, असं वर सुनावलं होतं. मी हातोड्याचं सगळं सांगून टाकलं. त्या आठवड्याबद्दल माफीही मागितली.

"बाळाला हे मीच सांगणार," ती नाक ओढत म्हणाली. "तुम्ही फक्त लवकर या, बाबा."