नेदका मावशीची दीड मिनिटं

नेदका मावशी ट्रकवर जायला निघाली तेव्हा मला एकच प्रश्न पडला होता: ही झोपणार कुठे?

चाळीस टनांची गाडी वळते कशी, उतारावर थांबते कशी, यातलं काही मी विचारलं नाही. एक्केचाळीस वर्षं मावशी रोज आपल्याच पलंगावर झोपली होती, भिंतीच्या बाजूला, खिडकी थोडी उघडी ठेवून. आमच्या गावच्या, सेवलिएवोच्या शाळेत ती स्वयंपाकीण होती. वर्गातली मुलं दरवर्षी कमी होत गेली आणि एका जूनमध्ये शाळाच बंद झाली. त्या उन्हाळ्यात मावशीने ट्रकचा परवाना काढायला घेतला.

"वेड लागलंय तुला," माझी आई म्हणाली.

"दोनशे पोरांचं जेवण वेळेवर पोचवलं, आता लोखंडी कांबी पोचवीन. कांबी निदान सूप खारट आहे म्हणून तोंड वाकडं करणार नाहीत."

निघायच्या दिवशी मी तिच्या वाटेवर तांब्याभर पाणी ओतलं. वाट पाण्यासारखी सहज जावी म्हणून आमच्याकडे ओततात. मावशी त्या ओल्यावरून चालत गेली आणि कोपऱ्यावर वळून ओरडली, "बूट भिजवलेस की माझे!"

परवाना मिळाला तरी कंपनी नव्या माणसाच्या हातात एकदम गाडी देत नाही. दोन महिने जुन्या चालकाबरोबर जायचं, त्याने सही केली तर पुढे एकटीने. मावशीच्या वाट्याला आमच्याच गावचे रांगेलदादा आले. वय बावन्न, त्यातली सव्वीस वर्षं रस्त्यावर. बोलणं मोजकं, आणि त्या मोजक्यात निम्मे टोमणे.

पहिला टोमणा गाडीत चढतानाच मिळाला. "स्वयंपाकीणबाई, बूट पायरीवर. हे घर आहे, भाजीबाजार नाही." केबिनमध्ये गालिचा होता. रांगेलदादा त्यावर लोकरीच्या सपाता घालून वावरत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला हप्त्याहप्त्याने मिळत गेलं. मावशी घरी आली की मी विचारायचे आणि ती मिरच्या भाजता भाजता सांगायची. केबिनमध्ये दोन फळ्या असतात, एक खाली, एक वर. वरची तिची. गाडी उभी करताना उतार बघायचा, डोकं खालच्या बाजूला आलं तर रात्रभर कानात रक्त ठोकतं. झोपण्याआधी दोन्ही दारांच्या मुठींतून पट्टा ओवून मधे ताणून बांधायचा, बाहेरून दार उघडता येत नाही. शेजारी गोठवलेल्या मांसाची गाडी येऊन उभी राहिली तर झोप संपली, तिचं थंडाव्याचं यंत्र सकाळपर्यंत घुरघुरत राहतं.

"आणि लघवीला?" मी विचारलं.

"ते सगळ्यात आधी शिकले," मावशी म्हणाली. "संध्याकाळी सातनंतर चहा नाही. पुरुषांना हा धडा नसतो."

मग ती म्हणाली, "पहिल्या रात्री मी भिंतीला हात लावायला गेले. भिंत गार पत्र्याची. तेव्हा थोडं रडू आलं. खालून रांगेलदादा म्हणाले, वर गळती आहे का?"

पण मावशी खरी शिकली ती यंत्राकडून. केबिनमध्ये डोक्यावर एक छोटं नोंदयंत्र असतं, त्याला सगळे टाको म्हणतात. चालकाने आपलं कार्ड त्यात घातलं की किती वेळ चालवलं, किती वेळ काम केलं, किती वेळ विश्रांती घेतली, हे मिनिटामिनिटाने लिहिलं जातं. दोघं चालक असतील तर अदलाबदलीने चालवून खूप लांब जाता येतं, पण मग सलग नऊ तास गाडी उभी हवी. सलग म्हणजे सलग. मधे चाक फिरलं की झालेले सगळे तास पाण्यात, नऊ पुन्हा पहिल्यापासून.

"तुझ्या स्वयंपाकासारखंच," रांगेलदादांनी समजावलं होतं. "केक भट्टीत असताना दार उघडलं की बसला."

मेच्या शेवटच्या आठवड्यात ते हंगेरीत होते. रांगेलदादांच्या धाकट्या मुलीचा, बिलियानाचा, बारावीचा निरोपाचा दिवस शुक्रवारी होता. आमच्याकडे त्या दिवशी मुलगी नटून घराच्या दारातून बाहेर पडते, शेजारपाजारचे सगळे जमतात, दारात बाजा वाजतो, आणि वर्गमित्र बारा इयत्तांचे बारा आकडे मोठ्याने ओरडत तिला गाडीत बसवून नेतात. दार उघडून तिला बाहेर आणायचं काम वडिलांचं. थोरल्या मुलीच्या वेळी रांगेलदादा स्पेनमध्ये होते, दार मामाने उघडलं होतं. या वेळी त्यांनी जानेवारीतच बिलियानाला शब्द दिला होता. नवा सदरा केबिनमध्ये टांगलेला होता, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

हिशोब चोख होता. गुरुवारी दुपारी बारापर्यंत माल भरून झाला. गोदामाच्या आवारातच नऊ तास विश्रांती, रात्री नऊला निघायचं, अदलाबदलीने चालवत शुक्रवारी दुपारी चारला घरी. सहाला दार उघडायचं.

"दोन तास हातात राहतात," रांगेलदादा म्हणाले. "दाढी, आंघोळ, आणि बायकोची बोलणी. सगळं बसतं." आणि ते झोपले.

मावशीला साडेसहाला जाग आली. ऊन अजून होतं. ती हळूच खाली उतरून चालकाच्या जागेवर बसली आणि ब्रेडला ल्युतेनित्सा, ती आमची भाजलेल्या मिरच्यांची चटणी, लावून खायला लागली. साडेसातला पिवळं जाकीट घातलेला गोदामाचा माणूस काचेखाली आला. मागे एक ट्रक माल चढवायच्या धक्क्याला लागायला उभा होता आणि मावशीच्या गाडीची शेपूट थोडी वाटेत येत होती. माणसाने हाताने विचारलं, गाडी पुढे घेता का?

मावशीच्या तोंडात घास होता. तिने मान हलवून सांगितलं: नाही.

आता घोळ असा की आमच्याकडे नाही म्हणताना मान वर झटकून खाली येते, आणि हो म्हणताना ती आडवी हलते. बाकीच्या युरोपात नेमकं उलटं. रांगेलदादांनी पहिल्याच हद्दीवर बजावलं होतं, "इथून पुढे मान खांद्यांवर ठेवायची, हलवायची नाही. तोंड आहे ना?" पण तोंडात ब्रेड होता.

माणसाने अंगठा वर करून आभार मानले आणि मागच्या ट्रकला हात दाखवला: ये, ये.

तो ट्रक मागे यायला लागला. मावशीने हॉर्न वाजवला, त्या माणसाला वाटलं ती घाई करतेय. आरशात लाल दिवे मोठे होत गेले. खाली रांगेलदादा नुसते कुशीवर वळले. मावशीने किल्ली फिरवली, गाडी पुढे घेतली, जागा अपुरी पडली म्हणून थोडी वळवून अजून पुढे घेतली, आणि उभी केली.

दीड मिनिट. टाकोच्या पडद्यावरचं विश्रांतीचं चिन्ह गेलं होतं आणि तिथे दोन हातोडे आले होते, म्हणजे काम.

"घास अजून तोंडातच होता," मावशीने मला सांगितलं.

इंजिनाच्या आवाजाने रांगेलदादा उठून बसले होते. "निघालो का आपण?"

"नाही, दादा. मी... त्याने विचारलं आणि मी नाही म्हटलं. मानेने."

रांगेलदादांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्यांनी यंत्रातून कागदाची पट्टी काढली आणि चष्मा लावून वाचली. साडेसात तास झाले होते. दीड उरला होता. आता पुन्हा नऊ, म्हणजे पहाटे साडेचारला निघायचं, म्हणजे शुक्रवारचे सहा वाजतील तेव्हा ते रुमानियाच्या डोंगरात असतील.

"शिव्या द्या," मावशी म्हणाली.

"सुचत नाहीयेत. थांब."

त्यांनी टांगलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. मग त्यांचं बोट यंत्राकडे गेलं, ज्या बटणाने कार्ड बाहेर येतं त्याच्यावर थांबलं. कार्डं काढून चालवायचं म्हणजे नोंदच होत नाही, पुढे कुठेतरी ती परत घालायची, काही लोक तसं करतात. मावशीला ते कळलं.

"मी चालवते," ती म्हणाली. "तुम्ही झोपा. पकडलं तर माझा परवाना जाईल, चूक माझीच आहे. तुमची झोप तरी पुरी झालीय."

"साडेसात तास झाली."

"मग?"

रांगेलदादांनी बोट मागे घेतलं. "आज मी तुला हे शिकवलं तर तू पुढची वीस वर्षं हेच करशील, नेदके. आणि दर वेळी तुझ्याकडे असंच चांगलं कारण असेल."

ते सपाता घालून खाली उतरले. बूट घालायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. गोदामाच्या भिंतीजवळ उभं राहून त्यांनी घरी बिलियानाला फोन केला. मावशीला काचेतून फक्त त्यांची पाठ दिसत होती. फोन फार वेळ चालला नाही.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ठीक आहे. मामाला सांगते." ते फळीवर आडवे झाले. "ओरडली असती तर बरं झालं असतं."

त्या नऊ तासांत दोघंही झोपले नाहीत. मावशी म्हणते, वरच्या फळीवरून खालच्या माणसाचं न झोपणं ऐकू येतं. झोपलेल्या माणसाचा श्वास आवाज करतो, जाग्याचा करत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मावशी चालवत होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कडा. रांगेलदादांच्या बायकोने घरून फोनवर थेट चित्र लावून दिलं होतं. रांगेलदादांनी मोबाइल छातीशी धरला होता, पण आवाज मावशीला ऐकू येत होता: सनई, झुर्ना म्हणतात तिला, ढोल, बायकांची गडबड. दार उघडलं असावं, कारण एकदम सगळे ओरडले. मग मुलांनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. सातपर्यंत आले आणि गाडी बोगद्यात शिरली.

बोगद्यातून बाहेर आल्यावरही फोन गप्पच.

"परत लावा ना," मावशी म्हणाली.

"राहू दे. पुढचे आकडे मला येतात."

डॅन्यूबच्या पुलावर दुरुस्ती चालू होती, रांग पाच तास हलली नाही. सेवलिएवोच्या बाहेरच्या पेट्रोलपंपावर गाडी उभी राहिली तेव्हा पूर्वेला उजाडत होतं. निरोपाच्या दिवशी मुलं रात्रभर नाचतात आणि सूर्योदयाला उपाहारगृहातून पायी निघतात. रस्त्याने सात-आठ जण येत होते, मुली अनवाणी, चपला हातात.

बिलियानाने गाडी ओळखली आणि मैत्रिणींना मागे सोडून आली. हिरवा झगा, डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलेलं.

"मामाला दार उघडता आलं नाही," ती म्हणाली. "अडकलं होतं. सगळे हसले."

"ते वर उचलून ढकलावं लागतं."

"मला माहीत आहे, बाबा. मीच आतून उघडलं."

मावशी पुढे झाली. "बिलियाना, चूक माझी आहे. यांनी काही..."

"आईने सांगितलं, तुम्ही मान हलवलीत." ती किंचित हसली, पण वडिलांकडे बघून नाही. मग ती केबिनमध्ये चढली, मागून रांगेलदादा. पाय धुळीने काळे होते, त्या गालिच्यावर ती तशीच उभी राहिली आणि रांगेलदादांनी तिला अडवलं नाही. मावशी खाली पायरीशी थांबली, दार उघडंच होतं.

"ताईच्या वेळी कुठे होतास?"

"स्पेनमध्ये."

"म्हणजे कुठे? तिथे तू कुठे होतास?"

"इथे," ते म्हणाले आणि खालच्या फळीवर हात ठेवला. "याआधीच्या गाडीत. पण अशीच जागा."

बिलियाना त्या फळीवर आडवी झाली, झग्यासकट. झगा मावत नव्हता, अर्धा खाली लोंबत होता. तिने छताकडे पाहिलं, पत्र्याला हात लावला.

"जाग आली की आधी काय करतोस?"

एवढ्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नसावं. "आधी पडून आठवतो, आज कोणत्या देशात आहे."

"आणि नाही आठवलं तर?"

"तर पडदा सरकवून बघतो. पाटीवरची अक्षरं कशी आहेत."

बिलियानाने डोळे मिटले, उघडले, हात लांब करून पडदा सरकवला आणि बाहेरची पाटी वाचायला लागली.