मानेतली शीर आणि गौरीची फुगडी

लालबागच्या आमच्या चाळीत गौरीपूजनाच्या दुपारी पहिली फुगडी मी घालते. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूने मला पुढे ढकललं, तेव्हापासून. यंदा मात्र ती फुगडी जाणार होती, कारण माझ्या मानेतली शीर अरुंद झाली होती.

मला काहीही होत नव्हतं, हे आधी सांगते. डोळ्याच्या ऑपरेशनआधी तपासायला गेले, तर डॉक्टरांनी मानेला नळी लावली आणि शेजारचं भांडण ऐकावं तसे बराच वेळ ऐकत बसले. मग मानेची सोनोग्राफी. मेंदूकडे रक्त नेणारी डावी शीर आतून चरबी साचून अरुंद झालीय, असं निघालं.

घरी येऊन सुनेने कायदे केले. मान झटकन वळवायची नाही. फळीवरचा डबा काढायचा नाही. फुगडीचं नाव काढायचं नाही.

"गरगरून पडलात म्हणजे?"

"पडले तर उचल."

"आई, मस्करी नको. ऑपरेशन करून टाकू."

तिला घेऊन मी शिरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई सुनेच्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. त्यांनी मला विचारलं, "कधी तोंड वाकडं झालं? एक हात लुळा पडला? बोलणं अडखळलं? एका डोळ्यापुढे अंधारी?"

"नाही, नाही, नाही आणि नाही."

"मग आजी, सध्या ऑपरेशन नको. त्यातही धोका असतोच. रक्त पातळ ठेवायची गोळी, चरबी कमी करायची गोळी, बीपी ताब्यात, रोज चालणं, आणि ठरल्या वेळी पुन्हा सोनोग्राफी. तंबाखू खाता?"

"छे! उभ्या जन्मात तोंडात घातली नाही."

सून माझ्याकडे बघायला लागली. "आई, मशेरी?"

"ती दात घासायला असते गो!"

"मशेरी कशाची करतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, मग कुटून..." एवढं बोलले आणि थांबले. सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर आणि राग आला की मी मशेरी लावायचे. चाळीत सगळ्यात चांगली मीच भाजते, सगळा मजला खोकतो. आणि तरी ती तंबाखू आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मला हसू फुटलं. सून आधी रागावली, मग तीही खुर्चीत वाकून हसायला लागली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"ती बंद. आजपासून."

"करते. पण फुगडी घालणार."

त्यांनी बीपी मोजलं, मला उभं करून चालायला लावलं, गुडघ्यांचं विचारलं. "बीपी असंच राहिलं तर सावकाश दोन फेऱ्या. पाठीमागे कुणीतरी उभं राहायला हवं. आणि मघाशी विचारलं त्यातलं काहीही झालं, अगदी पाच मिनिटांत बरं वाटलं तरी, थेट हॉस्पिटल."

मशेरीचा डबा मी स्वतः कचऱ्यात रिकामा केला. पहिले आठ दिवस वाईट गेले. बडीशेप चघळून जबडा दुखला, दूधवाल्यावर उगाच ओरडले. त्यात सुनेने नवीनच काढलं. चहाआधी माझ्यापुढे उभी राहायची: "आई, हसा. दोन्ही हात वर करा. आता तुमचं नाव सांगा."

"कोंबडीवाल्याचं सांगू?"

"तुमचं!"

गौर आली. सकाळी बीपी मोजलं, ठीक निघालं. दुपारी बायका जमल्या, लुगड्यांचे काष्टे घट्ट झाले. समोरच्या खोलीतली माझ्या वयाची बाई माझ्याबरोबर फुगडी घालायला पुढे झाली, तर सुनेने तिला माझ्या पाठीमागे उभं केलं आणि स्वतः माझे हात धरले. पायाला पाय लावले, मागे रेललो, फिरलो. एक फेरी. दुसऱ्या फेरीत भिंती, गौर, पंखे, सगळं एकत्र फिरायला लागलं आणि मला आतून इतकं हलकं वाटलं की मी ओरडलेच. दोन झाल्या. थांबले. जागच्या जागी उभी राहिले, पडले नाही. पहिली फुगडी माझीच झाली.

सून मात्र झोकांड्या खात भिंतीला टेकली आणि डोकं धरून खाली बसली. सगळ्या बायका खो-खो हसत होत्या. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"हस बघू. दोन्ही हात वर कर. आता नाव सांग."